रात्री पोलिसांनी टॉर्च दाखवला तर: आधी आरसा, मग ब्रेक

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सिंधुदुर्गातल्या बांद्याहून रोज स्कूटरने गोव्यात पर्वरीला नोकरीला येता. परवा रात्री साडेनऊला पावसात परतताना धारगळच्या पुढे अंधारात टॉर्च हलताना दिसला, दचकून ब्रेक दाबला, स्कूटरचं मागचं चाक सरकलं आणि मागचा ट्रक हॉर्न वाजवत अगदी अंगाजवळून गेला. पोलिसाने लायसन बघितलं आणि ‘सांभाळून जावा’ म्हणून सोडलं. आता घरचे म्हणतात, रात्रीचं कुणी हात केला तरी थांबू नकोस. आणि तुम्ही विचारताय, थांबावं की न थांबावं.

थांबायचंच. फक्त परवा थांबलात तसं नाही.

मी चोवीस वर्षं औषधांची व्हॅन चालवतो. कुंडईहून माल भरायचा आणि एक दिवस पेडणे, एक दिवस काणकोण, मधल्या दिवशी डिचोली-सत्तरी. एवढ्या वर्षांत पोलिसांनी किती वेळा थांबायला हात केला याचा हिशेब नाही. त्यातून तालांव, म्हणजे दंडाची चलनं, आले ते चार. म्हणून तालांवाची भीती मी तुम्हाला घालणार नाही, तो नंतर भरता येतो. जीव जातो तो हात दिसल्यापासून गाडी उभी राहीपर्यंतच्या आठ-दहा सेकंदांत, आणि त्या सेकंदांबद्दल कुणी कुणाला शिकवत नाही.

मलाही कुणी शिकवलं नव्हतं. २००८ चा जुलै महिना. एका उतारावर वळण संपता संपता पोलीस रस्त्याच्या कडेहून पुढे आला आणि त्याने हात केला. माझ्याकडे सगळी कागदपत्रं होती, घाबरण्यासारखं काहीच नव्हतं. तरी हात दिसल्याबरोबर पाय ब्रेकवर पडला. व्हॅन जागच्या जागी थांबली आणि मागून ‘धाड’ असा आवाज आला. कॉलेजचा मुलगा होता, स्कूटरवर. गळ्याजवळचं हाड मोडलं. ज्याने मला हात केला होता तोच पोलीस आधी धावला, आम्ही दोघांनी त्याला उचलून व्हॅनमध्ये घातलं आणि हॉस्पिटलात नेलं. मुलगा बरा झाला. पण त्याची आई दारात उभी राहून मला एवढंच म्हणाली, ‘तुम्ही मागे बघितलं नाही?’ नव्हतं बघितलं. त्या दिवसापासून हात दिसला की माझी नजर आधी आरशात जाते, ब्रेक नंतर.

तुमच्या रस्त्याचं गणित करून बघा. ताशी ६० किलोमीटरने जाताना एका सेकंदात सोळा-सतरा मीटर अंतर कापलं जातं. टॉर्च दिसून मेंदूला कळेपर्यंत तेवढं अंतर गेलेलंच असतं. मागच्या ट्रकवाल्याला तो टॉर्च दिसतही नाही, त्याला दिसतो तुमचा लाल दिवा, तोही ओल्या काचेतून. भरलेल्या ट्रकला ओल्या रस्त्यावर थांबायला तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. त्यात धारगळचा पट्टा आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. मोपा विमानतळ सुरू झाल्यापासून रात्रीही टॅक्सी भरधाव असतात, आणि विमान गाठायचं असलेला माणूस अंतर ठेवत नाही.

तेव्हा टॉर्च दिसला की ॲक्सिलरेटरची मूठ सैल सोडा. नुसता ॲक्सिलरेटर सुटला तरी वेग उतरायला लागतो. आरशात बघा. डावा इंडिकेटर द्या. मग ब्रेक हलका दोनदा टेकवा, म्हणजे मागचा दिवा दोनदा पेटून विझतो आणि मागच्याला कळतं की ही थांबतेय. त्यानंतर दोन्ही ब्रेक सारखे, हळूहळू. पोलिसाच्या पायाशीच गाडी उभी करायला हवी असं काही नाही. त्याच्या पुढे तीस-चाळीस मीटर गेलात, पण इंडिकेटर चालू आहे आणि वेग उतरतोय, तर त्याला समजतं की तुम्ही पळत नाही. माझ्या अनुभवात त्यावरून कुणी ओरडलं नाही. एकदा एकजण चालत आला आणि म्हणाला, ‘बरें केलें, हांगा फुडें जागो आसा.’ (बरं केलंत, इथे पुढे जागा आहे.)

उजव्या लेनमध्ये असाल तर मात्र तिरकं कापून डावीकडे येऊ नका. वेग कमी करा, मागची गाडी जाऊ द्या, मग या. त्याहून बरं म्हणजे पत्रादेवी, धारगळ, कोलवाळचा पूल, करासवाडा या टप्प्यांत आधीपासूनच डाव्या लेनने चला. रोजच्या रस्त्यावर तपासणी साधारण कुठे असते ते एव्हाना तुम्हाला पाठ झालंच असेल.

कडेला उतरताना आणखी एक. आपल्याकडे डांबराची कड आणि मातीचा पट्टा एका पातळीत क्वचितच असतात. पावसात ती माती म्हणजे लोणी. घाईत तिरकं चाक उतरवलं की स्कूटर आडवी होते. वेग अगदी चालण्याइतका झाल्यावर चाक सरळ करून उतरवा, किंवा कड खोल असेल तर थोडं पुढे सपाट जागा येईपर्यंत जा. उभं राहायचं ते स्कूटरच्या डाव्या बाजूला, रस्त्याकडे पाठ करून कधीच नाही. इंजिन बंद करा, पण इंडिकेटर चालू राहू दे. चारचाकीत असाल तेव्हा चारही इंडिकेटर लावा आणि पोलिसाने सांगितल्याशिवाय उजव्या दारातून उतरू नका.

आता घरच्यांच्या सांगण्याबद्दल. न थांबता पळालेल्यांचं काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलंय. हेल्मेट नसलेला एक पोरगा पुढे पोलीस दिसताच वळला आणि उलट्या दिशेने सुटला. समोरून कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी वाहतुकीची, बस. ड्रायव्हरने बस गटारात घातली म्हणून पोरगा वाचला. हेल्मेटचा दंड १००० रुपये आहे आणि लायसन तीन महिने निलंबित होऊ शकतं. रस्त्यावर उभ्या पोलिसाने कायद्याप्रमाणे दिलेला आदेश मुद्दाम मोडला तर आणखी २००० रुपये. या रकमा वाचून मोठ्या वाटतात. त्या बससमोर आलेल्या पोराला विचारा मोठं काय ते.

तरीही एकट्या बाईने रात्री अंधारात थांबायचं, ही घरच्यांची काळजी खोटी नाही. म्हणून ओळखायचं कसं ते सांगतो. कायद्यात लायसन मागण्याचा अधिकार वर्दीतल्या पोलिसाला दिलेला आहे. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १३०, त्यात ‘वर्दीतला’ हा शब्द स्पष्ट आहे. खऱ्या तपासणीच्या जागी बहुतेक वेळा बॅरिकेड असतं, जीप असते, दोघांहून जास्त माणसं असतात, छातीवर नावाची पट्टी असते. यातलं काहीच दिसत नसेल, साध्या कपड्यांत एकदोघे आणि नुसता टॉर्च, तर वेग कमी करा, इंडिकेटर द्या, मान हलवून ‘पुढे’ अशी खूण करा आणि पुढच्या पेट्रोल पंपावर किंवा उजेडातल्या दुकानासमोर थांबा. तिथून ११२ वर फोन करून सांगा की अमुक ठिकाणी मला थांबवलं, मी अमुक पंपावर उभी आहे. वेग वाढवायचा नाही आणि दिवे बंद करायचे नाहीत. तुमच्या नावाने तुम्हीच फोन केलेला असल्यावर ‘पळून गेली’ असं म्हणायला जागाच राहत नाही.

थांबल्यावर लगेच बॅगेत हात घालून शोधाशोध करू नका. आधी हेल्मेटची काच वर करा, ‘साहेब, लायसन बॅगेत आहे, काढते’ म्हणा आणि मग काढा. कोकणीत बोललात तर उत्तमच, मराठीतही सगळं चालतं. समोरच्या माणसाने दिवसभर पावसात उभं राहून पन्नास जणांच्या शिव्या ऐकलेल्या असतात. आवाज तुम्ही खाली ठेवलात की बहुतेक वेळा त्याचाही खाली येतो.

कागदपत्रं डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या सरकारी ॲपमध्ये असली तर ती चालतात, केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १३९ व्या नियमात तशी तरतूद आहे. मोबाईलवर काढलेला नुसता फोटो मात्र त्यात बसत नाही, आणि हाच गोंधळ सगळ्यात जास्त होतो. एखादं कागदपत्र जवळ नसेल तर पंधरा दिवसांत सादर करण्याची सोय त्याच नियमात आहे, हे शांतपणे सांगा. पण पावसात भिजलेल्या स्क्रीनवर ॲप उघडत बसण्यापेक्षा लायसनचं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत जवळ ठेवलेलं बरं. सत्तरीच्या आतल्या भागात किंवा अनमोड घाटात रेंजचा भरवसा नाही, म्हणून मी तर दोन्ही ठेवतो.

पोलिसाने लायसन ताब्यात घेतलं तर पावती मागा. कलम २०६ प्रमाणे ती द्यावी लागते आणि लायसन परत मिळेपर्यंत किंवा पावतीवर लिहिलेल्या तारखेपर्यंत, जे आधी येईल तोवर, त्या पावतीवर गाडी चालवता येते. स्कूटरची चावी हिसकावून घ्यावी असं कायद्यात कुठे लिहिलेलं नाही. तरी कुणी हात घातलाच तर चावीवरून झटापट करू नका. हायवेच्या कडेला दोन माणसांची ओढाताण म्हणजे एकजण रस्त्यात पडणार. गाडीपासून दोन पावलं मागे या, नाव वाचा, वेळ आणि जागा लक्षात ठेवा, वरच्या अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. मला एकदा फार उर्मट वागणूक मिळाली होती. मी तिथे एक शब्द बोललो नाही, दुसऱ्या दिवशी वेळ, जागा आणि नाव लिहून अर्ज दिला. आठवड्याने बोलावून ऐकून घेतलं. रस्त्यात भांडलो असतो तर त्यातलं काही झालं नसतं.

ऑगस्ट २०२३ मध्ये बाणस्तारी पुलावर अपघातात तिघांचा जीव गेला, तेव्हापासून रात्री अल्कोमीटर, म्हणजे श्वासातली दारू मोजायचं यंत्र, बऱ्याचदा समोर येतो. तुम्ही पीत नसाल, तरी फुंकायला नकार देऊ नका, नकार दिला आणि दारू घेतल्याचा सबळ संशय असला तर वॉरंटशिवाय अटक करता येते. तोंडाला लावायची नळी नवी मागा, हे मागायला संकोच नको. मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, आणि पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. घरातल्या पुरुषांना हे वाचून दाखवा. हुर्राकच्या (काजूच्या दारूच्या) दिवसांत ‘एकच घेतला’ म्हणून गाडीवर बसणारे माझ्या नात्यातही आहेत आणि मी त्यांच्या चाव्या काढून घेतो.

पैशांबद्दल थोडक्यात. दंड भरायचा तो तालांवाची पावती घेऊन किंवा ई-चलनच्या सरकारी संकेतस्थळावर. कुणाच्या खासगी मोबाईल नंबरवर किंवा क्यूआर कोडवर नाही. ‘मिटवून टाकूया’ म्हणून पैसे देणं हा देणाऱ्याचाही गुन्हा आहे, भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर तर स्पष्टच. जबरदस्तीने द्यावे लागले असतील तर सात दिवसांत तक्रार केल्यास देणाऱ्याला संरक्षण आहे. आणि व्हॉट्सॲपवर ‘तुमचं चलन थकलंय’ म्हणून एखादी फाइल आली तर ती उघडू नका, त्या फाइलने बँक खातं रिकामं झालेले लोक आहेत.

तुम्ही शेवटी विचारलंय की एमएच ०७ हा सिंधुदुर्गचा नंबर बघून मुद्दाम थांबवतात का. गोव्याबाहेरच्या नंबरकडे लक्ष जास्त जातं, हे खरं. एकाच राज्यात बारा महिन्यांहून जास्त राहणाऱ्या गाडीला तिथला नंबर घ्यावा लागतो. तुमची स्कूटर रोज रात्री बांद्याला परत जाते, ती त्यात येत नाही. कुणी विचारलं तर ऑफिसचं ओळखपत्र दाखवा आणि तेवढंच सांगा.

उद्या निघण्याआधी मात्र एक कराच. परवा एका ब्रेकला मागचं चाक सरकलं म्हणता, म्हणजे टायर घासलेलं असू शकतं. खोबणीत एक रुपयाचं नाणं उभं घालून बघा, कड जेमतेम बुडत असेल तर म्हापशात पोचल्यावर पहिलं काम ते. मेकॅनिकला सांगा की मागच्या ब्रेकचं लिव्हर किती दाबल्यावर लागतं तेही बघ. आणि अंधार पडायच्या आत कुणाला तरी मागे उभं करून लाल दिवा पेटतो का ते विचारून घ्या. परवा त्या ट्रकवाल्याला तुम्ही दिसला नसाल, तर त्याचं कारण तिथेच सापडेल.