केनियात गेंडा बघायचाच असेल तर माराच्या भरवशावर राहू नका

तुम्ही विचारलंय की सप्टेंबरमध्ये आईबाबांना घेऊन केनियाला चाललाय, टूरवाल्याने मसाई मारा, नैवाशा आणि अंबोसेली दिलंय, वर बिग फाइव्ह (सिंह, बिबट्या, हत्ती, रानम्हैस आणि गेंडा) नक्की असं सांगितलंय, तर गेंडा खरंच दिसेल का आणि त्यातही काळा गेंडा दिसेल का. सरळच सांगते, या आयटिनररीत गेंड्याला जागाच नाहीये. अंबोसेलीतले गेंडे शिकारीत कधीच संपले, तिथे हत्ती आणि किलिमांजारो बघायला जायचं. मारात आहेत, पण एवढ्या प्रचंड पसाऱ्यात मोजके आणि तेही काळे, म्हणजे दाट झुडपात राहणारे, आणि सप्टेंबरमध्ये सगळ्या गाड्या विल्डेबीस्ट हरणांचे कळप नदी ओलांडताना बघायला पळत असतात, तेव्हा गेंड्यासाठी तासभर कोण थांबणार.

म्हणून टूरवाल्याला आत्ताच सांगा की एक रात्र लेक नाकुरूला टाक. नैवाशाहून जेमतेम दीड-दोन तास लागतात, फार वाकडी वाट नाही. तळ्याकाठच्या मोकळ्या गवतावर पांढरे गेंडे चरताना दिसतात, बऱ्याचदा एकापेक्षा जास्त, आणि आईबाबांना गाडीतून न उतरता निवांत बघता येतात. (फ्लेमिंगोंची मोठी आशा मात्र ठेवू नका, गेल्या दहा-पंधरा वर्षांत तळ्याचं पाणी खूप वाढलंय आणि बरेच पक्षी बोगोरिया तळ्याकडे गेलेत.)

नाकुरूला कुंपण आहे, त्यामुळे तो जंगली गेंडा नव्हेच असं इथे काहीजण लिहितात, ते मला अजिबात पटत नाही. 1970 च्या सुमारास केनियात काळे गेंडे 20,000 च्या आसपास होते, 1980 चं दशक संपेपर्यंत 400 सुद्धा उरले नव्हते, शिंगासाठी अक्षरशः कापून काढले. मग नाकुरूसारख्या जागांना कुंपण घालून, बंदूकधारी रेंजर चोवीस तास ठेवून जे वाचवले त्यातून आज संख्या हजाराच्या घरात आलीये. ते कुंपण नसतं तर आज तुम्ही हा प्रश्नच विचारला नसता. पांढरे तर केनियात मूळचे दक्षिण आफ्रिकेतून आणलेले. तिथे क्वाझुलू-नाताळमधल्या उम्फोलोझीच्या जंगलात शे-दोनशेच्याही आत उरलेल्या कळपातून ते वाचले, आणि 1960 च्या दशकात तिथूनच त्यांना पकडून इतर जंगलांत सोडायला सुरुवात झाली.

आता काळा की पांढरा हे ओळखताना रंगावर जाऊ नका, दोन्ही करडेच असतात आणि ज्या चिखलात लोळतील त्या रंगाचे दिसतात. ओठ बघा. पांढऱ्याचा ओठ रुंद आणि सपाट, मान खाली घालून गवत खात असतो. काळ्याचा वरचा ओठ टोकदार, त्याने तो फांदी पकडून ओढतो, म्हणून डोकं जरा वर असतं. पिल्लू बरोबर असेल तर अजून सोपं, पांढऱ्याचं पिल्लू सहसा आईच्या पुढे चालतं, काळ्याचं मागे. शेणसुद्धा वेगळं असतं, काळ्याच्या शेणात तिरक्या कापलेल्या काड्या दिसतात, गाइडला दाखवायला सांगा, मुद्दाम थांबून बघण्यासारखं आहे.

बजेटला जमत असेल तर मी नैवाशा आणि नाकुरू दोन्हीऐवजी नान्युकी गावाजवळचं ओल पेजेटा अभयारण्य घेईन. काळा गेंडा दिसायचे चान्सेस केनियात मला तिथे सगळ्यात चांगले वाटतात आणि नाइट ड्राइव्हही मिळते. नाजिन आणि फातू तिथेच आहेत, आई आणि मुलगी, उत्तरेकडचा पांढरा गेंडा ही पांढऱ्या गेंड्यांची वेगळी उपजात, तिच्यातल्या जगात उरलेल्या या दोघीच. त्या उपजातीचा शेवटचा नर सुदान 2018 च्या मार्चमध्ये गेला. त्यांना बघायला वेगळं बुकिंग लागतं, ते आधीच करा. आईबाबांना नुसतं "गेंडा बघितला" यापेक्षा इथे काय वाचवायची धडपड चाललीये ते समजेल, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं.

दिसल्यावर कृपा करून ड्रायव्हरला अजून जवळ घे, अजून जवळ घे करू नका. गेंड्याला नीट दिसत नाही पण वास आणि आवाज लांबून कळतो, त्यामुळे वारा आपल्याकडून त्याच्याकडे वाहत असेल तर काळा गेंडा दोन मिनिटांत झुडपात गायब. इंजिन बंद, बोलणं बंद, आणि त्याचे कान बघत राहा, खाता खाता कान सैल फिरत असतील तर सगळं ठीक, दोन्ही कान तुमच्याकडे रोखून डोकं वर केलं की समजा त्याला कळलंय. पाठीवरचे ऑक्सपेकर पक्षी ओरडून उडाले तरी तेच. आणि फोनचं लोकेशन आधीच बंद करा, गेंड्याचा फोटो टाकताना जागा, वेळ, रस्ता काहीही लिहू नका. शिकारी असल्या पोस्ट बघतात, म्हणूनच बऱ्याच पार्कात गाइड हे हात जोडून सांगतात.

काळ्या गेंड्यासाठीच कधी वेगळी ट्रिप केलीत तर मात्र नामिबियातलं एटोशा नॅशनल पार्क, दुसरा विचार नको. ओकाउकुएजो कॅम्पमध्ये, म्हणजे पार्कच्या आतच राहायचं, कारण सूर्यास्ताला पार्कची गेटं बंद होतात. कॅम्पच्या भिंतीपलीकडेच पाणवठा आहे, रात्री त्यावर दिवे असतात, आणि जून ते ऑक्टोबर कोरड्या दिवसांत काळे गेंडे तिथे स्वतःहून पाण्यावर येतात. हत्तींशी त्यांची जागेवरून कुरबुर चालते, दोन गेंडे समोरासमोर आले की फुत्कार भिंतीपर्यंत ऐकू येतात. जून-जुलैत रात्री कडक थंडी असते, स्वेटर नेलाच पाहिजे. काही गेंड्यांची शिंगं कापलेली दिसतील, शिकाऱ्यांना मारण्यात फायदा उरू नये म्हणून भूल देऊन कापतात, नखासारखी परत वाढतात, तेव्हा फोटो बिघडला म्हणून हळहळू नका, तो गेंडा त्यामुळेच जिवंत आहे.

आणि टूरवाला काहीच बदलायला तयार नसेल तर परतीच्या दिवशी नैरोबी नॅशनल पार्क करा. शहराला अगदी लागून आहे, काळे-पांढरे दोन्ही आहेत, सकाळी सहाला गेटवर पोचलात तर दुपारपर्यंत हॉटेलात परत येता. फ्लाइट संध्याकाळची किंवा रात्रीची आहे का तेवढं आधी बघून घ्या.