वॉरंटी तीन वर्षांची, तक्रारीची मुदत मात्र दोनच

सांगलीच्या एका वाचकांनी 9 मार्च 2024 ला मुलासाठी 78,500 रुपयांचा असेंबल पीसी घेतला. उन्हाळा लागला तसा तो तापून अर्ध्या तासात आपोआप बंद पडू लागला. दुकानदाराने दोनदा थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला मदत करणारा लेप) लावली, एकदा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा भाग) बदलला आणि जानेवारी 2025 मध्ये 'तुमच्या घरची धूळ, आमचा संबंध नाही' म्हणून हात वर केले. वाचक विचारतात, "प्रोसेसरला तीन वर्षांची वॉरंटी आहे, म्हणजे 2027 पर्यंत केस करता येईल ना?" वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर, फ्रिज अशा वस्तूंबद्दलही मला हाच प्रश्न सतत येतो.

नाही, तेवढा वेळ तुमच्याकडे नाही. वॉरंटी हा तुमचा आणि विक्रेत्या-उत्पादकाचा करार. तक्रारीची मुदत ठरवतं ग्राहक संरक्षण कायदा, 2019 चं कलम 69: वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. तुमच्या प्रकरणात ते कधी घडलं? तुम्ही पाठवलेल्या जॉबशीटवर (दुरुस्तीच्या नोंदीचा कागद) दुकानदाराच्याच अक्षरात 'हीटिंग, ऑटो शटडाउन' आहे आणि खाली तारीख 6 मे 2024. खरेदीपासून दोन महिन्यांच्या आत दोष दिसला याचा हा तुमचा सगळ्यात मोठा पुरावा. पण मुदतीचं घड्याळही या कागदाने त्याच दिवशी सुरू केलं. शेवटचा नकार जानेवारी 2025 चा, म्हणून तिथून मोजा, असा युक्तिवाद करता येतो आणि मी तो अर्जात घालीनही. ग्राहक आयोग तो मान्य करेल याची खात्री मात्र देणार नाही.

आज एप्रिल 2026 उजाडलाय. म्हणजे 6 मेपर्यंत हातात जेमतेम पाच आठवडे. नकारानंतर सव्वा वर्ष तुम्ही व्हॉट्सॲपवर 'सर, काय झालं?' विचारत बसलात, याचा मला खरोखर राग येतो. नुसत्या पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही, वकिलाच्या नोटिशीनेही नाही. विलंब माफ होऊ शकतो, पण त्यासाठी सबळ कारण लागतं, आणि 'दुकानदार आशा दाखवत होता' हे कारण फार लंगडं आहे.

दुसरा निष्काळजीपणा बिलाचा. जीएसटी वाचवायला कच्ची पावती घेतलीत. केस त्याने बुडत नाही, कारण यूपीआयने दिलेली रक्कम बँकेच्या उताऱ्यात दिसते आणि बिल न देणं ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथाच आहे. प्रोसेसर कोणता दिला हे सिद्ध करणं मात्र अवघड झालं. तो इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचा असेल तर मॉडेल नंबर लगेच तपासा. अस्थिरतेची तक्रार असलेल्या त्यातल्या काही डेस्कटॉप प्रोसेसरची वॉरंटी कंपनीने 2024 मध्ये तीनवरून पाच वर्षं केली. ती वाट वेगळी, तिच्या भरवशावर 6 मे जाऊ देऊ नका.

गेल्या दिवाळीत ओळखीच्या मुलाकडून प्रोसेसरवरचा कूलर (तो थंड ठेवणारा पंखा) उघडवून घेतलात, तेही अर्जात स्वतःहून लिहा. दुकानदाराने ते उघड केलं तर जास्त नुकसान होईल. आता कॅबिनेटला कोणाचाही हात लागू देऊ नका. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, आणि तपासणी लागणारी तक्रार पाच महिन्यांत निकाली काढावी असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वर्षं जातात. ग्राहकासाठी केलेल्या कायद्याचे असे हाल बघवत नाहीत. म्हणून आजचा पुरावा आजच जपा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (पीसीतल्या घडामोडींची नोंदवही) प्रत्येक अचानक बंद पडण्याची 'कर्नेल-पॉवर 41' अशी नोंद तारीख-वेळेसह असते. कारण त्यातून कळत नाही, पण किती वेळा बंद पडला ते कळतं. लॉग भरला की जुन्या नोंदी पुसल्या जातात, तेव्हा फाइल आज रात्रीच सेव्ह करा. सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडू.

तक्रार सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात करायची. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. जॉबशीटची मूळ प्रत, बँकेचा उतारा आणि ती फाइल घेऊन या आठवड्यातच वकिलाकडे जा.