उंची १७० सेंमी, वजन ७२ किलो, बीएमआय २४.९. म्हणजे ठीक ना? (पुरुष, रत्नागिरी)

बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २५ च्या आत आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आपल्याकडे डॉक्टर २३ पासूनच वजन जास्त धरतात, कारण भारतीयांच्या पोटावर चरबी लवकर साठते आणि मधुमेह कमी वजनातही गाठतो. तुमच्या उंचीला साधारण ५४ ते ६६ किलो योग्य.

पण बीएमआयला स्नायू आणि चरबीतला फरक कळत नाही. मिरकरवाड्याला जाळी ओढणारा खलाशी आणि दिवसभर गल्ल्यावर बसणारा दुकानदार, दोघांचा आकडा सारखाच येऊ शकतो. म्हणून शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावा, श्वास सोडा, पोट आत न ओढता मापा. ९० सेंमीच्या वर भरलं तर साखर आणि बीपी तपासून घ्याच. मासे सोडू नका, भात तेवढा कमी वाढून घ्या.