कोडतपासणी: लाल रेघ लपवू नका

कोड तपासणाऱ्या साधनांबद्दल सांगली-साताऱ्याकडून गेले काही महिने तेच गोंधळ फिरून फिरून येताहेत, म्हणून एकत्रच उत्तरं देतो.

ईएसलिंट असताना प्रेटियर लागतं का? (कराड)

लागतं. दोन्ही जावास्क्रिप्ट कोडची साधनं: प्रेटियर मांडणी बघतं, ईएसलिंट चुका. ईएसलिंटमधले मांडणीचे नियम तेवढे बंद ठेवा.

ईएसलिंटची नववी आवृत्ती टाकल्यावर जुनी ईएसलिंटआरसी (नियमांची) फाइल वाचलीच जात नाही. क्लासमधले सर म्हणाले, आठवर परत जा. (विटा)

जाऊ नका. एप्रिल 2024 मध्ये नववी आवृत्ती आली, तेव्हापासून 'ईएसलिंट डॉट कॉन्फिग डॉट जेएस' हीच फाइल मूळ धरली जाते. आठवीची देखभाल त्याच ऑक्टोबरात थांबली. जुनी फाइल बदलून देणारं अधिकृत साधन आहे, ते वापरा. निघालेली फाइल मात्र एखाद्या जाणत्याकडून तपासून घ्या.

आमच्या वर्डप्रेस साइटवर पीएचपीसीएसनं (पीएचपी कोड तपासणारं साधन) चार हजार चुका दाखवल्या. काम करणारा म्हणतो, पैसे द्या, शून्य करून देतो. (मिरज)

कशा शून्य करणार, ते आधी विचारा. बहुतेक तक्रारी टॅब आणि स्पेसच्या असतात. त्या पीएचपीसीएससोबतच येणारं पीएचपीसीबीएफ आपोआप नीट करतं, फुकट. उरलेल्या तो नियमच बंद करून घालवणार असेल, तर त्याला थांबवा. एका हळद व्यापाऱ्याच्या साइटवर मी हे बघितलंय. शोधपट्टीत लिहिलेला मजकूर जसाच्या तसा पानावर उमटत होता. तिथे स्क्रिप्ट टॅग टाकला की ब्राउझरमध्ये चालायचा. पीएचपीसीएससाठीच्या वर्डप्रेस नियमसंचातला 'एस्केप आउटपुट' नियम नेमकी हीच ओळ पकडतो. 'ईएससी एचटीएमएल' हे मजकुरातले टॅग निष्प्रभ करणारं एक फंक्शन घातलं की काम झालं असतं. पण कुणीतरी तो नियमच बंद करून ठेवला होता, आणि अहवाल स्वच्छ! मला याचा फार राग येतो, कारण फसतं ते गिऱ्हाईक. तेव्हा पीएचपीसीएसचा 'सोर्स' अहवाल काढा, कोणत्या नियमाच्या किती तक्रारी ते कळेल. सुरक्षेच्या तक्रारी आधी, माणसाच्या डोळ्याखाली. मांडणीची दुरुस्ती वेगळ्या कमिटमध्ये (कोडबदलाच्या नोंदीत). अपवाद करायचाच तर त्या एका ओळीपुरता, शेजारी कारण लिहून. चालू साइटला हात लावण्याआधी बॅकअप घ्या आणि सुरक्षेचं काम करणाऱ्याला दाखवा. पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

कमिटच्या आधी हस्कीनं तपासणी लावलीय. पुरे ना? (वाई)

नाही. घाईत कुणी 'नो-व्हेरिफाय' हा तपासणी टाळणारा पर्याय लिहिला की ती गळते. तीच तपासणी सर्व्हरवरही लावा. नापास झालेला कोड मुख्य शाखेत जाऊ नये अशी अट घाला. ती अट रेपोच्या (कोडच्या साठ्याच्या) मालकाला किंवा अ‍ॅडमिनला घालता येते, त्यांच्याशी आजच बोला.