आधी माणूस ठरव

प्रिय,

तू गेल्यावर मागे राहणाऱ्या डिजिटल गोष्टींची तुझी यादी पाहिली. ईमेल, फोटो, बँकेची ॲप्स, क्लाउडवरचं लिखाण, सगळं रकान्यांत नीट मांडलेलं. आणि प्रश्न काय, तर सगळे पासवर्ड एका जागी जपणारं ॲप, म्हणजे पासवर्ड मॅनेजर, कुठला घेऊ? काही चॅट आणि रोजनिशी घरच्यांनी वाचलेली तुला नकोय, त्याचं काय करावं सुचत नाही, हे मात्र तू अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंस. अगं, खरा प्रश्न तोच आहे!

आधी माणूस ठरव. यादी नंतर, ॲप त्याहून नंतर. तुझ्यामागे हे सगळं कोणाच्या हाती जावं, त्यातलं त्यानं काय जपावं आणि काय न वाचता पुसावं, हे त्याला तुझ्याच तोंडून कळायला हवं.

कंपन्यासुद्धा तुला नावच विचारतात. गूगलची 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' ही सोय २०१३पासून आहे. ३ ते १८ महिन्यांमधली एक मुदत निवडायची. तेवढा काळ खातं वापरलं गेलं नाही, की तू नेमलेल्या माणसांना तू ठरवलेला भाग मिळतो. हवं तर खातं पुसलंही जातं. काहीच ठरवलं नाहीस, तर २ वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल फोटोंसकट काढून टाकू शकतं. ॲपलमध्ये 'लेगसी काँटॅक्ट', म्हणजे तुझ्यामागे तुझं खातं उघडू शकणारा माणूस, नेमता येतो. त्याच्याकडे तू दिलेली ॲक्सेस की (एक खास कोड) आणि मृत्यूचा दाखला लागतो, तरी कीचेनमध्ये, म्हणजे ॲपलच्या पासवर्डच्या तिजोरीत, साठवलेले पासवर्ड त्याच्या हाती येत नाहीत. फेसबुकवर नेमलेला माणूस तुझे खासगी संदेश वाचू शकत नाही. विकत घेतलेली ई-पुस्तकं बहुतेक ठिकाणी तुझ्या मालकीची नसतातच, फक्त वाचायचा परवाना असतो. त्यांची काळजी सोड.

तुझ्या चॅट तुझ्याबरोबर संपतील या भरवशावर राहू नकोस. जर्मनीत २०१८ साली तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं १५ वर्षांच्या मृत मुलीचं फेसबुक खातं आईवडिलांना खुलं करायला लावलं. पत्रं आणि रोजनिशी वारसांकडे जातात, मग हे का नाही, असा तो विचार. त्या आईवडिलांचं दुःख मला समजतं. पण त्या मुलीला काय हवं होतं, हे कुणाला सांगता येणार?

मी इतका हट्ट धरतो त्याला कारण आहे. माझा एक जवळचा मित्र अचानक गेला. त्याच्या लॅपटॉपचा पासवर्ड कामापुरता त्यानं मला दिलेला होता. त्याच्या पत्नीनं तो मागितला. मी फोटो आणि घरची कागदपत्रं काढून दिली, पासवर्ड दिला नाही. आत त्यानं कुणालाही न दाखवलेलं लिखाण होतं. त्या आजही माझ्याशी बोलत नाहीत, आणि त्यांचा राग मला रास्त वाटतो. तरीही तशीच वेळ पुन्हा आली तर मी हेच करीन. कामासाठी दिलेला पासवर्ड म्हणजे माणूस गेल्यावर त्याचं मन उघडून दाखवायची परवानगी नव्हे. न दिल्याची मला खंत नाही. 'तुझ्यामागे याचं काय करू?' हे तो असताना कधी विचारलं नाही, याची आहे. त्याचं एक वाक्य आम्हा दोघांनाही पुरलं असतं. म्हणून पुन्हा सांगतो: आधी माणूस ठरव.

तो घरचाच असला पाहिजे असं नाही. फोटो बहिणीकडे आणि रोजनिशी मैत्रिणीकडे, असंही चालेल. जो वाचायचा मोह आवरेल, त्यालाच पुसायचं काम दे.

मग यादीकडे वळ. फोनचा पासकोड त्या माणसापर्यंत कसा पोचेल ते आधी बघ, कारण ओटीपी फोनवरच येतो; सिम बंद झालं की पासवर्ड असूनही दारं उघडत नाहीत. ओटीपीऐवजी चालणारे बॅकअप कोड छापून ठेव. मृत्युपत्रात कोणाला काय द्यायचं एवढंच लिही, पासवर्ड नको. ते बदलत राहतात आणि अनेक देशांत मृत्युपत्र पुढे कोणालाही पाहता येतं. क्रिप्टो असेल तर त्याचं वॉलेट पुन्हा उघडून देणारे १२ किंवा २४ शब्द कागदावर लिहून, कागद कुठे आहे ते सांगून ठेव. ते हरवले आणि वॉलेटही गेलं, तर पैसे परत मिळवून देणारं कार्यालय जगात कुठेही नाही.

पासवर्ड मॅनेजर कुठलाही चांगला घे, फक्त त्यात आणीबाणीत दुसऱ्याला प्रवेश देण्याची सोय आहे ना, ते बघ. त्या सोयीतही पहिला रकाना नावाचाच असतो. तो भरण्याआधी त्या माणसाला फोन कर, आणि तो नाही म्हणाला तर रागावू नकोस, दुसऱ्याला विचार.

तुझा,
काका