मुलीला बाळंतपणाची नर्स व्हायचंय

नमस्कार ताई,

तुमची मुलगी नर्सिंगला जायचं म्हणते, तेही गर्भवती, बाळंतिणी आणि नवजात बाळांच्याच कामासाठी. तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. एवढे चांगले मार्क असताना डॉक्टरांच्या हाताखाली कशाला जायचं? आणि रक्त, आरडाओरडा, रात्रपाळ्या हे सगळं तिला झेपेल का? दुसरा प्रश्न अगदी रास्त आहे. पहिल्याबद्दल मात्र तुमचं मत बदलावं, असं मला मनापासून वाटतं.

पहिलटकरणीला कळा सुरू झाल्या की बाळ होईपर्यंत बारा-चौदा तास सहज जातात. त्या वेळात डॉक्टर येऊन-जाऊन असतात, सतत जवळ असते ती नर्स. पोटावर हात ठेवून ती कळा मोजते, रक्तदाब बघते, बाळाचे ठोके ऐकते. ते मिनिटाला साधारण 110 ते 160 असायला हवेत. कळेनंतर ठोके उतरले आणि लवकर वर आले नाहीत, तर ते आधी तिच्याच लक्षात येतं. डॉक्टरांना आत्ता बोलवायचं की अजून थोडं पाहायचं, हे तिलाच ठरवावं लागतं.

बाळ बाहेर आल्यावरचा एक मिनिट तर फार मोलाचा. पुसून, चोळूनही बाळाने श्वास घेतला नाही, तर त्या मिनिटाच्या आत हाताने दाबायची हवेची पिशवी आणि मास्क वापरून श्वास द्यायला सुरुवात करावी लागते. व्हर्जिनिया अपगार या भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी 1952 मध्ये बाळाला गुण देण्याची पद्धत मांडली: ठोके, श्वास, अंगाचा ताठपणा, प्रतिसाद आणि रंग, प्रत्येकाला शून्य ते दोन. पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला बाळ असं तपासतात, आणि बऱ्याच ठिकाणी हे काम नर्सच करते. पण श्वास द्यायला ती या गुणांसाठी थांबत नाही.

सगळ्यांच्या नजरा बाळाकडे असतात, तेव्हा चांगली नर्स आईकडेही बघत असते. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण या कामाचा कस इथेच लागतो. वार पडल्यावर गर्भाशय घट्ट आवळलं गेलं पाहिजे. ते सैल राहिलं तर रक्त जातच राहतं, आणि बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावाचं हेच सर्वात मोठं कारण आहे. 500 मिलीलीटर किंवा त्याहून जास्त रक्त गेलं, तर धोका समजतात. म्हणून पहिले दोन तास नर्स थोड्या थोड्या वेळाने पोट चाचपते, पॅड बघते, नाडी मोजते. गर्भाशय सैल लागलं तर चोळते, ते आवळणारं ऑक्सिटोसिन हे औषध देते, हाक मारून माणसं गोळा करते. हे वेळेवर झालं तर बाई वाचते. याला हाताखालचं काम कसं म्हणायचं?

नंतरचं काम शांत असतं, पण सोपं नसतं. बाळाला आईच्या उघड्या छातीशी ठेवणं, पहिल्या तासात अंगावर पाजायला लावणं, बाळाने तोंडात नीट धरलंय का ते पाहणं. घरी जाताना आईला बजावणं की डोकं फार दुखलं, नजर धूसर झाली, ताप आला किंवा रक्त वाढलं, तर थांबू नका. बाळंतपणानंतरचा रडवेपणा काही दिवसांत ओसरतो. तो दोन आठवड्यांपुढे टिकला तर उपचार लागतात, आणि हे ओळखणारी पहिली व्यक्तीही बऱ्याचदा नर्सच असते.

आता झेपण्याबद्दल. रक्ताची सवय होते, रात्रपाळीशी शरीर कसंबसं जुळवून घेतं. पण कधी बाळ मृत जन्मतं, आणि त्या आईजवळही नर्सलाच बसावं लागतं. याची सवय होत नाही, होऊही नये. तिला हे आत्ताच स्पष्ट सांगा. भित्र्या मुलीही या कामात छान तयार होतात. मला काळजी वाटते ती काही खटकलं तरी वरिष्ठांसमोर गप्प बसणाऱ्या मुलीची. तुमची मुलगी घरात चुकीला चूक म्हणते का, ते आठवून पाहा.

शिक्षणाचे दोन रस्ते आहेत. आधी नर्सिंगची पदवी घेऊन मग या शाखेत शिरायचं, किंवा जिथे सोय आहे तिथे थेट मिडवाइफचं, म्हणजे बाळंतपण करणाऱ्या प्रशिक्षित सुईणीचं, शिक्षण घ्यायचं. आंतरराष्ट्रीय मिडवाइफ महासंघाच्या मानकांनुसार थेट शिक्षण किमान तीन वर्षांचं असावं, नर्सिंगनंतरचं किमान अठरा महिन्यांचं. ती अजून लहान आहे, तर आधी पदवी घ्यावी असं माझं मत. मन बदललं तरी दारं उघडी राहतात. पुढे प्रसूतिकक्ष, नवजात अतिदक्षता विभाग, स्तनपान सल्ला, घरोघरची सेवा, अध्यापन, असं कुठेही जाता येतं.

कॉलेज निवडताना इमारत पाहू नका. शेवटच्या वर्षाच्या मुलींना गाठून विचारा: स्वतःच्या हातांनी किती बाळंतपणं केलीत? सोबत शिकवणाऱ्या सिस्टर उभ्या होत्या का? नवजात विभागात किती आठवडे काढलेत? उत्तर द्यायला त्या अडखळल्या, तर दुसरं कॉलेज बघा. आणि जाताना मुलीला सोबत न्या, प्रश्न तिलाच विचारू द्या.