नववीच्या मुलांना गुरुत्वीय स्थितिज ऊर्जा (उंचीमुळे वस्तूत साठलेली ऊर्जा) खरंच समजली आहे का, हे शिक्षकाने कसं तपासावं?

निदान वस्तुमान आणि उंची देऊन तरी नाही. पोरं गुरुत्वीय त्वरणाचे ९.८ घेऊन गुणतात, पुढे ज्यूल लिहितात आणि मोकळी होतात. गुणाकार येतो, एवढंच त्यातून कळतं.

मी यावल तालुक्यात विज्ञान शिकवायचो. एकदा घटक चाचणीत विचारलं : विहिरीतलं पाणी जमिनीपासून २० मीटर खाली आहे. पाण्याच्या पातळीला असलेल्या १० किलोच्या भरलेल्या बादलीची स्थितिज ऊर्जा जमीन शून्य धरली तर किती? पाण्याची पातळी शून्य धरली तर किती? आणि दोन्ही वेळा ती जमिनीपर्यंत ओढायला कमीत कमी किती कार्य लागेल? (दोराचं वजन सोडा.) उत्तरं : उणे १९६० ज्यूल, शून्य, आणि कार्य दोन्ही वेळा १९६० ज्यूल.

बहुतेकांनी उणे लिहिलंच नाही. केळीवाल्याच्या एका पोराने आकडेमोड चुकवली, पण खाली लिहिलं, "सर, शून्य कुठं बी धरा, मोटारीला पाणी तेवढंच उचलावं लागतं." मी पूर्ण गुण दिले.

झालं! आमचे वरिष्ठ सर पेपर घेऊन स्टाफरूममध्ये उभे. सूत्र नाही, गुण कापा. वर म्हणे, ऊर्जा कधी उणे असते का, पोरांचा घोळ कशाला करता? मी दहावीचं पुस्तक काढून गुरुत्वाकर्षणाचा धडा उघडला. अनंत अंतरावर शून्य धरतात, म्हणून पृथ्वीच्या पृष्ठभागावरची स्थितिज ऊर्जा तिथे उणेच आहे आणि मुक्तिवेग (पृथ्वीच्या ओढीतून कायमचं सुटायला लागणारा वेग) त्यावरूनच काढलाय. तर म्हणे, "ते दहावीचं दहावीत." सूत्र पाठ म्हणजे विषय पक्का, असं मानणारी ही जमात मला कधीच पटली नाही.

दुसरा प्रश्न तोरणमाळच्या डोंगराचा विचारा. घाटाच्या वळणांनी चढा की पायवाटेने, त्याच माणसाच्या स्थितिज ऊर्जेतली वाढ कशात जास्त? उंची तीच, म्हणून वाढ दोन्हीकडे सारखीच. "घाट लांब म्हणून घाटात" म्हणणारा परत शिकवायचा. पेट्रोल आणि दमछाक वेगळी, हे मात्र त्याला सांगा, नाहीतर तो तुमच्याशी भांडेल आणि त्याचं बरोबरही असेल.

अर्थात साठ पोरांच्या वर्गात प्रत्येकाचं कारण वाचायला वेळ लागतो. पुढे बोर्डाला सूत्र आणि एककाचेही गुण असतात, तेही लिहून घ्या. आणि तुमच्याकडेही असे वरिष्ठ असतील तर पेपर तपासण्याआधी गुणदान योजनेवर त्यांची सही घ्या. त्यात "उणे चिन्हाला १ गुण" असं स्पष्ट लिहा.